रिकामा पाय

मर्दानी खेळाच्या आखाड्यात नव्याने आलेल्या पोराचं लक्ष भिंतीला टांगलेल्या दांडपट्ट्यावर असतं. वस्ताद त्याला पट्टा देत नाही. लाठीसुद्धा लगेच देत नाही. रिकाम्या हाताने नुसता पवित्रा करायला लावतो. पाय पुढे, पाय मागे, तिरका, वळून पुन्हा जागेवर. संध्याकाळच्या संध्याकाळ यात जातात. पोरं कंटाळतात, काही यायची बंद होतात. पुढे कधी शिवजयंतीच्या मिरवणुकीत हलगी-घुमक्याच्या ठेक्यावर एखादा गडी पट्टा फिरवत येतो आणि लिंबाचे सपकन दोन तुकडे करतो. टाळ्या लिंबाला पडतात. तो गडी त्या लिंबापर्यंत कोणत्या पावलांनी पोचला, हे पाहणारा गर्दीत एखादाच असतो, आणि तो बहुधा म्हातारा वस्ताद असतो.

नवशिक्याची खोड ठरलेली आहे. पाऊल टाक म्हटलं की तो पाय फेकतो. पाय पुढे जाऊन पडतो, धड मागाहून त्याच्यावर आदळतं आणि मागचा पाय मातीत रेघ ओढत येतो. वस्ताद म्हणतो, "आधी पाय सोड, मग उचल की रं." पोराला वाटतं, सोडणं आणि उचलणं यात फरक तो काय? फरक वजनाचा आहे. ज्या पायावर अजून शरीराचा भार आहे तो पाय उचलायचा तर धडाला झटका द्यावा लागतो, खांदे उडतात, श्वास अडतो आणि समोरच्याला अर्धा क्षण आधी कळतं की आता हा हलणार. त्याऐवजी सगळा भार सावकाश दुसऱ्या पायावर नेला, हा पाय पुरता रिकामा होऊ दिला, तर तो उचलावाच लागत नाही. गुडघा जरासा सैल केला की आपोआप निघतो. म्हणायला सोपं आहे. करायला गेलं की लक्षात येतं, आपला कुठलाही पाय कधी पुरता रिकामा नसतो. थोडं वजन इकडे, थोडं तिकडे, असा आपला कारभार जन्मभर चाललेला असतो.

रोजचं चालणं म्हणजे वेळेत सावरलेलं पडणं. धड पुढे कलतं, तोल जातो आणि पडायच्या आत पुढचा पाय येऊन आधार देतो. पावलांच्या एका पूर्ण फेऱ्यात प्रत्येक पाय सुमारे ६० टक्के वेळ जमिनीवर असतो आणि ४० टक्के वेळ हवेत. दोन्ही पाय एकाच वेळी टेकलेले असतात तो काळ जेमतेम २० टक्के. पोटरी चवड्यावरून शरीर पुढे ढकलते. धड प्रत्येक पावलाला चार-पाच सेंटिमीटर वर-खाली होतं. वर जाताना खर्च झालेलं बळ खाली येताना बऱ्याच अंशी परत मिळतं. म्हणून ताशी साडेचार-पाच किलोमीटरच्या चालीने माणूस थोडक्या श्रमात लांब पल्ला गाठतो. आळंदीहून पंढरपूरला निघालेली सत्तरीची म्हातारी याच हिशोबावर पोचते. निसर्गाने एवढी काटकसर करून ठेवली आहे, तिला नावं ठेवायचं कारण नाही.

मात्र या काटकसरीची एक किंमत आहे. एकदा सुरू झालेलं पाऊल परत घेता येत नाही. पाय हवेत असताना धड आधीच पुढे निघून गेलेलं असतं, त्यामुळे तो कुठेतरी टेकवावाच लागतो, मग खाली खड्डा असो, शेवाळ असो, की समोरच्याने मुद्दाम पुढे केलेला पाय असो. बाजारात याने बिघडत नाही. लढताना बिघडतं. म्हणून लढणाऱ्यांनी सगळीकडे दुसरी एक चाल तयार केली. तिच्यात टेकलेला पाय टेकल्यावरही काही काळ रिकामाच राहतो. जमीन चाचपून झाली की मग त्यावर वजन ओतायचं. मधल्या कुठल्याही क्षणी थांबता आलं पाहिजे आणि पाऊल मागे घेता आलं पाहिजे. चाल बरोबर आहे की नाही, हे ओळखायची याहून चांगली कसोटी मला तरी माहीत नाही. कुणी अचानक "थांब" म्हटलं आणि माणूस एका पायावर, दुसरा पाय जमिनीपासून बोटभर वर ठेवून, तोंड वाकडं न करता उभा राहू शकला, तर तो चालत होता. हातांनी हवा पकडायला लागला, तर तो पडत होता.

चीनमधल्या ज्या युद्धकलांना आंतरिक म्हणतात, त्यांनी या चालीचं शास्त्र करून ठेवलं. ताई-ची आपल्याकडच्या उद्यानांतही आता दिसते. तिच्यात भरलेला पाय आणि रिकामा पाय हा भेद पहिल्या धड्यापासून शिकवतात. बाग्वा नावाच्या दुसऱ्या कलेत तर चालणं हाच मुख्य अभ्यास आहे. एका वर्तुळात चालत राहायचं, तासन्‌तास. ही कला एकोणिसाव्या शतकात बीजिंगमध्ये तुंग हायछ्वान याने नावारूपाला आणली. तो १८८२ मध्ये वारला. त्याच्या गाजलेल्या शिष्यांपैकी छंग थिंगह्वा हा चष्मे विकणारा आणि मुळात पैलवान होता. कुस्तीत मुरलेला माणूस एका म्हाताऱ्याकडे जातो आणि तो म्हातारा त्याला वर्तुळात चालायला लावतो, हे कोल्हापूरकराला ऐकायला गमतीचं वाटेल, पण पटेलही लवकर. या कलेतल्या एका पावलाला चिखलातलं पाऊल म्हणतात. तळवा जमिनीला समांतर ठेवायचा, टाच आधी टेकवायची नाही, चवडा उचलून धरायचा नाही. घोटाभर चिखलातून पाय सरकवल्यासारखा तो जमिनीलगत पुढे न्यायचा आणि पूर्ण तळव्याने टेकवायचा.

इथे कुणीतरी हमखास म्हणतो की हे सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं, बोधिधर्म नावाच्या भिक्षूने नेलं. ही कथा गोड आहे. पण बोधिधर्माच्या नावावर जो व्यायामाचा ग्रंथ दाखवतात तो चिनी अभ्यासकांच्याच मते १६२४ च्या आसपासचा, म्हणजे बोधिधर्मानंतर हजारएक वर्षांनी लिहिलेला आहे. मला या वंशावळीची गरजही वाटत नाही. चिखल त्यांच्याकडे होता तसा आपल्याकडेही आहे, आणि चिखलात चालायच्या पद्धती माणसाला फार नाहीत.

जून सरला की पन्हाळा, शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी या पट्ट्यात चिखलगुठ्ठा सुरू होतो. खाचरात पाणी भरून, नांगर-पॉवर टिलर फिरवून जमिनीचा असा लगदा करतात की पाय पोटरीपर्यंत आत जातो. त्यात दिवसभर वाकून रोप लावणाऱ्या बायांचे पाय कधी नीट पाहावेत. त्या मागे मागे सरकतात, कारण पुढे लावलेलं रोप तुडवून चालणार नाही. मागे काय आहे ते दिसत नाही. हात तरव्याच्या पेंढीत गुंतलेले असतात, तोल सावरायला मोकळे नसतात. कंबर वाकलेली. या अवस्थेत एक पाय चिखलातून काढून मागे टाकायचा आहे. शहरातला पाहुणा हौसेने खाचरात उतरतो आणि पाय सरळ वर खेचतो. चिखल सोडत नाही. पाय रुतलेल्या जागी खाली पोकळी होते आणि चिखल तो पाय आत ओढून धरतो. जितका जोर लावावा तितका दुसरा पाय खाली जातो, कारण खेचण्याचा सगळा भार त्याच्यावर येतो. दोन मिनिटांत पाहुणा बसतो, आणि बाया हसतात.

बाई काय करते? ती आधी दुसऱ्या पायावर बसते. अक्षरशः बसते, खुबा त्या बाजूला जातो, गुडघा वाकतो, सगळं धड त्या पायावर विसावतं. मग रिकाम्या पायाची टाच जराशी हलवते. टाचेच्या कडेने हवा आत शिरते, चिखल सुटतो, पाय निघतो. वर फार उचलत नाही. चिखलाच्या पृष्ठभागालगत मागे नेते, तळवा सपाट ठेवते, हळूच दाबून तळ लागेपर्यंत पाहते, आणि तळ लागल्यावरच त्यावर येते. हे सगळं एका क्षणात होतं आणि दिवसातून कितीदा होतं ते मोजायला कुणी बसत नाही. तिला कुणी पवित्रा शिकवला नाही. चिखलाने शिकवला. चुकीच्या पावलाला चिखल लगेच शिक्षा करतो आणि बरोबर पावलाला लगेच सोडतो, असा वस्ताद मिळणं कठीण. सिमेंटच्या फरशीवर असं होत नाही. फरशी वाईट पाऊलही निमूट सोसते. पुढे वीस-तीस वर्षांनी गुडघा त्याची बाकी मागतो तेव्हा कोणत्या पावलाची ती होती, हे सांगता येत नाही.

आता प्रश्न जोराचा. सावकाश चालून पाहिलं की पहिल्या काही मिनिटांतच मांडी पेटते. नवशिक्याला वाटतं आपण अशक्त आहोत, किंवा आपलं चुकतंय. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. नेहमीच्या चालीत जी काटकसर होती, ती वेग कमी केल्याबरोबर संपते. झोक्याचं बळ परत मिळणं बंद होतं आणि वाकलेल्या गुडघ्यावरचं पूर्ण शरीर फक्त मांडीच्या स्नायूंना तोलून धरावं लागतं. मांडीच्या समोरच्या बाजूला आणि कुल्ल्यात रग येणं ठीकच आहे, ती मेहनतीची रग आहे. गुडघ्याच्या वाटीत किंवा आतल्या बाजूला दुखणं मात्र ठीक नाही. ते दुखलं तर एकतर गुडघा पायाच्या बोटांची दिशा सोडून आत पडतोय, किंवा भार असलेल्या पायावरच माणूस वळतोय. वळण खुब्यातून यायला हवं. गुडघा पुढे-मागे वाकणारा सांधा आहे, पिळण्याचं काम त्याला झेपत नाही. तालमीत बैठका मारणाऱ्या पोरांनाही जुने वस्ताद गुडघा आत पडू देत नाहीत, मग त्यामागचं शरीरशास्त्र त्यांनी वाचलेलं असो वा नसो.

एक गोष्ट मात्र शिकणाऱ्याला फार उशिरा कळते. मेहनत उभ्या पायाची असते, हलणाऱ्या पायाची नसते. आपल्याला वाटतं की जो पाय पुढे जातोय त्याला जोर लागतो, कारण हालचाल तिथे दिसते. म्हणून आपण हलणारा पाय ताठ करतो, बोटं आवळतो, नडगीचा स्नायू ओढून धरतो. उभा पाय मात्र ढिला सोडतो, आणि तो बिचारा गुडघ्याच्या बंधांवर लटकतो. खरं काम उलटं आहे. उभा पाय जितका पुरता काम करेल तितका दुसरा निवांत होतो. इतका निवांत की टेकताना आवाज होत नाही. धड वर उसळत नाही, डोकं एका रेषेत राहतं. वस्ताद पोराचे पाय पाहतच नाही कित्येकदा, डोकं पाहतो. डोकं वर-खाली झालं की त्याला कळतं, मागच्या चवड्याने ढकललंय.

पट्ट्याची रचना पाहिली की पायांवर एवढा वेळ का घालवतात ते उमगतं. दांडपट्ट्याची मूठ म्हणजे नुसती मूठ नसते, तो लोखंडी खोबळा असतो. हात त्यात कोपराच्या अलीकडेपर्यंत जातो आणि आतला आडवा दांडा मुठीत धरायचा असतो. पातं लांब, सरळ, लवचिक. तलवारीला मनगटाने दिशा देता येते. इथे मनगट खोबळ्यात जखडलेलं, ते वाकतच नाही. म्हणजे पात्याला वळवायचं तर कोपर-खांदा, खांद्याला वळवायचं तर कंबर, आणि कमरेला वळवायचं तर पाय. हाताच्या जोरावर पट्टा फिरवणारा थोड्या वेळात दमतो आणि बऱ्याचदा स्वतःलाच लागून घेतो. २०२४ मध्ये दांडपट्ट्याला महाराष्ट्राचं राज्यशस्त्र जाहीर केलं, चांगलं झालं. पण शस्त्र काचेच्या पेटीत जपता येतं. पाय तसे जपता येत नाहीत, ते एका माणसाने दुसऱ्याला समोर उभं करूनच द्यावे लागतात. १८७८ च्या शस्त्र कायद्यानंतर हत्यार बाळगण्यावर बंधनं आली. ज्या लोकांनी तरीही खेळ म्हणून, मिरवणुकीची करमणूक म्हणून हे पवित्रे चालू ठेवले, त्यांच्यातले बहुतेक साधे पेठकरी होते, आणि त्यांची नावं कुठे फारशी लिहिलेली नाहीत.

चैत्री यात्रेला जोतिबाच्या डोंगरावर सासनकाठी नाचवतात तिथे हीच गोष्ट मोठ्या मापात दिसते. उंच काठी, वर निशाण, वारा. चारी बाजूंनी दोऱ्या धरलेल्या असतात, तरी काठीचा खरा तोल खाली एका माणसाच्या अंगावर असतो. गुलालात माखलेल्या त्या गर्दीत हातांनी काठी पकडून ठेवायला जाणारा गडी लगेच डगमगतो. मुरलेला काठीच्या खाली शिरतो, कंबर खाली नेतो, गुडघे सैल ठेवतो आणि काठी कलेल तिकडे आखूड पावलांनी स्वतः सरकतो. मी इथे थोडा पक्षपाती आहे, कबूल करतो. मला मिरवणुकीतल्या कुठल्याही करामतीपेक्षा सासनकाठीखालचे ते दोन पाय जास्त आवडतात.

कुस्तीत हे पाय सलामीनंतर लगेच दिसतात, खडाखडीत. प्रेक्षकाला वाटतं अजून काही सुरूच झालं नाही, दोघं नुसते मानेवर हात टाकून फिरतायत. कुस्ती त्या फिरण्यातच चाललेली असते. ज्याचा पुढचा पाय भरलेला राहिला त्याचा एकेरी पट निघतो, कारण भरलेला पाय वेळेत मागे घेता येत नाही. पाय ओलांडून टाकला, एकावर एक आला, की टांग बसते. लाल मातीत पाऊल किंचित रुततं, त्यामुळे रिकामं करण्याची सवय तालमीत आपोआप लागते. पायाखालची जमीन बदलली की ही सवय पुन्हा घडवावी लागते. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मातीतला गडी मॅटवर उभा होता. तिथे ते सहावे आले. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या या विद्यार्थ्याने पुढच्या चार वर्षांत मॅटची तयारी केली, प्राचार्य खर्डेकरांनी घर गहाण टाकून प्रवासाचे पैसे उभे केले, आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. ही गोष्ट सांगताना आपण जिद्दीवर बोलतो, गहाण टाकलेल्या घरावर बोलतो. मऊ, सपाट, न रुतणाऱ्या पृष्ठभागावर एका तयार पैलवानाला आपले पाय पुन्हा शिकवावे लागले, यावर कुणी बोलत नाही.

आषाढात पन्हाळा ते पावनखिंड मोहीम चालत करणारे हजारो लोक असतात. म्हाळुंगे, मसाई पठार, पुढच्या वाड्या, ओढे, लाल चिखल, धुकं. बूट महागडे असतात तरी घसरतात, कारण बुटाच्या भरवशावर माणूस पाऊल न चाचपता वजन टाकतो. बरोबर आलेला वाडीवरचा पोरगा साध्या रबरी चपलेत, कधी ती चप्पल हातात घेऊन, ओल्या खडकावरून सहज उतरतो. १२ जुलै १६६० च्या रात्री शिवाजी महाराज याच वाटेने पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटले. घोडखिंडीत, म्हणजे आताच्या पावनखिंडीत, बाजीप्रभूंनी काय केलं ते आपल्याला लहानपणापासून पाठ आहे, शिवा काशीदांचं बलिदानही आता ठाऊक आहे. परंपरा सांगते की महाराज पालखीत होते. म्हणजे कुणीतरी ती पालखी खांद्यावर घेऊन, पावसात, अंधारात, विशाळगडाच्या दिशेने पळत होतं. भोयाची चाल ही वेगळीच विद्या आहे. पालखी हिंदकळू नये म्हणून गुडघे थोडे वाकलेले, पावलं आखूड आणि जमिनीलगत, डोकं एका उंचीवर. घसरून चालत नाही, आणि थांबूनही चालत नाही. एकाचा पाय चुकला तर सगळेच खाली. त्या रात्रीची पावलं कशी पडली असतील, याचा विचार मी मोहिमेत चालणाऱ्या कुणाकडून ऐकलेला नाही. इतिहासाच्या पुस्तकांनाही त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. मला ती पावलं रणातल्या शौर्याइतकीच मोठी वाटतात. त्या भोयांनी तलवार उपसली असती तर पालखी थांबली असती.

आंतरिक कलांबद्दल लिहिणारे बऱ्याचदा अदृश्य शक्तीच्या गोष्टींत शिरतात. नाभीखाली साठवलेलं बळ, अंगातून वाहणारा प्रवाह वगैरे. ज्यांना त्या भाषेने शिकायला मदत होते त्यांनी ती वापरावी. माझं काम वजनाने भागतं. शरीराचं वजन या क्षणी कुठल्या पायात आहे, हे डोळे मिटून सांगता येणं एवढीच सुरुवात पुरे आहे, आणि ती वाटते तितकी सोपी नाही. चहाच्या गाडीवर उभं असताना, बँकेच्या रांगेत, करून पाहावं. बहुतेकांना उत्तर येत नाही.

कोल्हापुरात रंकाळ्यावर सकाळी फिरणाऱ्यांत हात जोरजोरात हलवत धापा टाकत जाणारे खूप असतात. वेगाने चालल्याने हृदयाला व्यायाम होतो, तो जरूर करावा. सावकाश चालणं त्याची जागा घेत नाही. दोन्हींची कामं वेगळी आहेत. साठी ओलांडलेल्या माणसाची मोठी भीती धापेची नसते, पडण्याची असते, आणि पडणं बऱ्याचदा एका पायावरून दुसऱ्यावर जाताना होतं. ताई-ची करणाऱ्या वृद्धांत पडण्याचं प्रमाण कमी होतं असं अनेक चाचण्यांत दिसलं आहे, त्यामागे गूढ काही नाही. एका पायावर उभं राहण्याचा वेळ ही माणसं रोज वाढवत असतात, एवढंच.

पायात काय घालावं, असं विचारलं तर मी कोल्हापुरी चप्पल सांगेन, निदान अंगणापुरती. तिचा तळ कठीण आणि सपाट असतो, त्यात उशी नसते. टाच आपटली की खाडकन ऐकू येतं. मऊ तळाचे बूट हा आवाज गिळतात आणि आपण कसे टेकतो ते आपल्यापर्यंत पोचूच देत नाहीत. नव्या चपलेची करकर सोडून द्यायची, ती चामड्याची आहे. आपटण्याचा आवाज निराळा असतो, तो पायाचा असतो.

आणि सुरुवात चढावर करू नये. चढताना चुकलेलं पाऊलही पुढे नेतं, त्यामुळे काही कळत नाही. घराचा जिना उतरताना करावी. वरच्या पायरीवरच्या पायाचा गुडघा बोटांच्या रेषेत ठेवून सावकाश वाकवत राहायचं. खाली जाणारा पाय त्या वेळी नुसता लोंबत असतो. तो पायरीला टेकला तरी लगेच वजन टाकायचं नाही. तळवा पूर्ण बसला की एकदा मागे घेऊन पाहायचा. मागे येत असेल तर मग त्यावर जायचं. येत नसेल तर वजन आधीच खाली गेलेलं आहे, पुढची पायरी आणखी सावकाश. कठडा हाताच्या अंतरावर असू द्यावा, मुठीत धरू नये. गुडघा कुरकुर करत असेल तर अर्ध्या उंचीच्या पायरीवर, नाहीतर सपाट ओसरीवर करावं. काम तेच होतं, फक्त मांडी जरा उशिरा पेटते.